खुर्चीखालची थाप

प्रेमानंदच्या पोटात दुखायला लागलं ते एका परातीमुळे.

खापरखेड्याच्या पॉवर स्टेशनमधली ड्यूटी आटोपून तो संध्याकाळी नंदनवन वस्तीतल्या घरी आला, मागच्या दाराने आत शिरला, तर त्याची बायको मेघा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात भिंतीला पाठ टेकून बसलेली. पुढ्यात परात, परातीत गवारीच्या शेंगा. डोळे मिटलेले आणि उजव्या हाताची बोटं परातीच्या काठावर ताल धरत होती. गाणं भिंतीपलीकडचं होतं, शेजारच्या धर्मेंद्रच्या घरातलं. शब्द ऐकू येत नव्हते. येत होती फक्त खालची थाप, भिंतीतून, धुम् धुम्.

आता यात जळण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. खुशाल म्हणा! चोवीस वर्षं प्रेमानंद रोज संध्याकाळी पुढच्या खोलीत गाणी लावत होता. दोन स्पीकर, एक अँप्लिफायर, आणि दोन्ही स्पीकरच्या बरोब्बर मधोमध त्याची वेताची खुर्ची. "मेघा, ऐक वं, काय आवाज हाये!" असं त्याने किती वेळा हाक मारून म्हटलं असेल. ती यायची, दारात उभी राहायची, "छान हाये जी" म्हणायची आणि पोळ्या लाटायला परत जायची. बिचाऱ्याने मनाशी ठरवूनच टाकलं होतं की हिला गाण्याची आवडच नाही. आणि आता? दुसऱ्याच्या गाण्यावर बोटं! माणसाच्या अंगाची लाही होणार नाही तर काय होईल?

तो मुद्दाम खाकरला. मेघाने डोळे उघडले आणि शेंगा मोडायला घेतल्या, जणू काही झालंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चहाचं निमित्त काढून प्रेमानंद धर्मेंद्रकडे गेला. धर्मेंद्रचं इतवारीत भांड्यांचं दुकान, स्वभावाने मोकळा, बोलायला लागला की थांबत नसे. बैठकीत कोपऱ्यापासून जरा बाजूला एक काळा लाकडी डबा ठेवलेला.

"सबवूफर हाये भाऊ," धर्मेंद्र म्हणाला. "गाण्यातला खालचा, जाड आवाज तेवढा हा काढते. आठ इंची. लहान खोलीले बस झाला. तुमी घेसान तं सांगजा, मी येतो लावून द्याले."

"कायले बाप्पा! आपल्याले डब्याची गरज नाही," प्रेमानंद म्हणाला. चहा अर्धा सोडून उठला आणि थेट सीताबर्डीला, स्पीकरच्या दुकानात गेला.

दुकानदाराने त्याला सरळ सांगितलं. खोली दहा बाय बाराची आहे, अँप्लिफायर जुना आहे, बजेट बेताचं आहे, तर आठ इंची घ्या, चांगला आवाज निघेल. पण प्रेमानंद ऐकतो कशाला! धर्मेंद्रचा आठ, तर आपला दहा. दहा इंची चांगल्या कंपनीचा परवडेना, म्हणून कोणाच्या घरून आलेला वापरलेला घेतला. एका कोपऱ्यात खरचटलेला होता, पण होता दहा इंची. मोटरसायकलच्या मागे दोरीने बांधून आणताना त्याला वाटलं, धर्मेंद्र बाहेर उभा असता तर बरं झालं असतं. नव्हता.

डबा त्याने खुर्चीजवळच्या कोपऱ्यात कोंबला, तारा जोडल्या, आवाजाचं बटण वर नेलं आणि हाक मारली, "मेघा! ये पाय!"

मेघा आली. गाणं सुरू झालं आणि शोकेसमधले कप खडखडायला लागले. थाप कुठली, नुसता घुमारा! रिकाम्या टाकीत कोणी ओरडावं तसा.

"कप फुटतीन जी," मेघा म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळाने त्याने डोकावून पाहिलं, तर पुन्हा उंबरा, पुन्हा परात, पुन्हा बोटं. धर्मेंद्रचं गाणं सुरू झालं होतं.

आठवडाभर तो त्या डब्याच्या मागे लागला. आवाज कमी कर, जास्त कर, बटणं इकडे फिरव, तिकडे फिरव. टर्बाइन हॉलमध्ये नुसत्या आवाजावरून बेअरिंग बिघडलंय का हे सांगणारा माणूस! कान असे तयार की इंजिनिअर लोक त्याला बोलावून घ्यायचे. आणि घरात एक डबा त्याचं ऐकेना. शेवटी शनिवारी संध्याकाळी तो उंबऱ्याशी येऊन फुटलाच.

"तुले त्या धर्मेंद्रचंच काहून आवडते वं?"

मेघाने वर पाहिलं. "अवो, मले धर्मेंद्रभाऊचं काय? मले थाप आवडते." शेंग मोडत ती म्हणाली, "बाबा ढोलकी वाजवायचे ना जी भीमगीतांच्या पार्टीत. डाव्या हाताची थाप अशी पोटात लागायची. तुमच्या गाण्यात ढोलकीची नुसती टिकटिक येते. बाबाचा डावा हात त्यात नाहीच."

प्रेमानंदला हे माहीत होतं. सासरे, महादेवराव, उमरेडकडच्या गावोगावी ढोलकी वाजवत फिरले होते. पण माहीत असणं वेगळं आणि ध्यानात येणं वेगळं. त्याला वाईट वाटलं. त्याहून जास्त राग आला, कारण बाबाचा डावा हात धर्मेंद्रच्या डब्यातून यावा आणि आपल्या दहा इंचीतून येऊ नये!

रविवारी सकाळी दारात धर्मेंद्र हजर. "वहिनीनं बोलावलं, भाऊ. डबा ऐकत नाही म्हने."

प्रेमानंदचा तिळपापड झाला. पण दारात आलेल्या माणसाला काय म्हणणार?

"सोपं हाये," धर्मेंद्र म्हणाला. "जिथी बसून ऐकाचं, तिथी डबा ठेवाचा आन् गाणं लावाचं. मंग आपण जमिनीवर रांगत रांगत सगळ्या खोलीत कान लावाचा. जिथी थाप साफ येते, ते डब्याची जागा. कोपऱ्यात कोंबला तं घुमनच."

प्रेमानंदने डबा उचलला आणि आपल्या वेताच्या खुर्चीवर ठेवायला निघाला.

"आन् वहिनी कुठी बसते ऐकाले?" धर्मेंद्रने विचारलं.

"सोफ्यावर," प्रेमानंद म्हणाला.

मेघा आतून हसली. "मी कधी बसली जी त्या सोफ्यावर? तुमी गाणे लावता तवा माझा सैपाक राह्यते. मी इथीच बसते. चोवीस वर्षं झाली."

धर्मेंद्र उगीच तारेचा गुंता सोडवत बसला. प्रेमानंद डबा हातात धरून उभा होता, आणि डबा चांगलाच जड होता. मग त्याने तो उंबऱ्यात नेऊन ठेवला, परातीच्या शेजारी, मेघाच्या जागेवर. मेघा सरकून ओट्याला टेकून उभी राहिली. प्रेमानंदने भीमगीतांची जुनी रेकॉर्डिंग लावली आणि स्वतः खाली बसून रांगायला लागला.

बावन्न वर्षांचा माणूस, गुडघे कटकट वाजतायत, कान जमिनीलगत. "माय वं!" म्हणून मेघा तोंडाला पदर लावून हसायला लागली. टीव्हीपाशी थाप गुदमरलेली. सोफ्यापाशी अर्धीच. दारापाशी पुन्हा घुमारा. तो खिडकीकडून वळला, खुर्चीच्या पायांमध्ये डोकं घातलं, आणि थांबला.

इथे थाप साफ येत होती. गोल, खोल, पोटात लागणारी. त्याच्या खुर्चीच्या बरोब्बर खाली.

तो तसाच मागे सरकला.

"भेटली का जागा?" धर्मेंद्रने विचारलं.

"नाही अजून," प्रेमानंद म्हणाला. साफ खोटं! ऐकणारा कान त्याचा एकट्याचा, दुसऱ्या कोणाला कळायचा मार्ग नव्हता. टीव्हीशेजारी म्हणून सांगितलं असतं तरी चाललं असतं. खुर्ची जागेवर राहिली असती आणि मेघाला काहीतरी बरं ऐकू आलं असतं. पण टर्बाइनवर त्याने आजवर खोटं सांगितलं नव्हतं, आणि उंबऱ्याकडे नजर गेली तर मेघाचं हसणं थांबलं होतं. ती ओट्याच्या कडेवर बोटांनी ताल धरून होती, आणि धर्मेंद्र म्हणत होता, "वा वहिनी, पक्का हात हाये तुमचा!"

धर्मेंद्रने ते आधी म्हणावं! चोवीस वर्षांत आपण एकदाही म्हटलं नाही आणि या भांडेवाल्याने पहिल्याच दिवशी म्हटलं! प्रेमानंद ताडकन उठला, खुर्चीचे दोन्ही हात धरले आणि ओढत ओढत तिला खिडकीखाली नेऊन टाकलं.

"इथी," तो म्हणाला. "इथी ठेवाचा डबा."

धर्मेंद्रने तारा नीट केल्या, चहा घेतला आणि गेला. मेघा आपल्या जागेवर बसली, परात पुढे ओढली. प्रेमानंद खिडकीखाली खुर्चीत बसला आणि गाणं लावलं. ढोलकीची नुसती टिकटिक. थाप कुठेच नाही. त्याने आवाज वाढवला, तरी नाही.

"मले काहीच ऐकू येऊन नाही राहिलं वं," तो ओरडला.

"मंग इकडे या," मेघा म्हणाली. डोळे मिटलेलेच होते.

तो गेला. उंबऱ्यात दोघांना जेमतेम जागा होती, गुडघे अडकले. पण थाप आली. पहिल्यांदाच त्याला कळलं की हे गाणं खालून एवढं भरलेलं आहे. मेघाचा उजवा हात काठावर चालू होता आणि डावा शेंगांमध्ये अडकलेला. प्रेमानंदने सगळ्या शेंगा आपल्या लुंगीत ओतून घेतल्या आणि रिकामी परात तिच्यापुढे उपडी घातली.

मेघाने त्याच्याकडे पाहिलं. मग डावा हात परातीवर ठेवला, आणि वाजवली. नीट, दोन्ही हातांनी, बाबासारखी.

दोन गाणी झाली असतील, तर भिंतीपलीकडून धर्मेंद्रची हाक आली. "भाऊ! काय ढोलकी हाये गा! कोणती रेकॉर्डिंग हाये? मलेबी देजा!"

"देत नाही!" प्रेमानंद भिंतीकडे तोंड करून ओरडला आणि पुढची शेंग मोडायला घेतली.