रिकाम्या खोलीचा नमुना

"ती गोधडी तुझ्या वडिलांची आहे," सरस्वतीबाई दारातूनच म्हणाल्या. "तिला खिळे मारू नकोस."

"मारत नाही. दोरीवर टाकतोय." हेमचंद्राने गोधडीचे टोक ताणून भिंत झाकली. "आवाज भिंतीवर आपटून परत येतो. तो यायला नको."

"कसला आवाज?"

त्यांना ठाऊक होते. खरवईच्या त्या दोन खोल्यांच्या घरात कॉम्प्युटर आल्यापासून दुसरा विषयच नव्हता. तरीही त्यांनी विचारले, कारण उत्तर त्याच्या तोंडून यावे अशी त्यांची इच्छा होती.

"शिट्टीचा."

"घरात?"

"आई, हे धूड उचलून मी माळावर नेऊ का?"

"घरात शिट्टी वाजवत नाहीत," त्या म्हणाल्या. पुढचे त्या बोलल्या नाहीत. ते त्या आयुष्यात एकदाच बोलल्या होत्या. मोरिवलीला राहत असताना एका तिन्हीसांजेला लहानगा हेमू ओट्यावर बसून शिट्टी घालत होता, वडील मागच्या परसात सरपण आणायला गेले आणि त्यांना पान लागले, साप डसला. 'तू बोलावलंस त्याला,' असे सरस्वतीबाई प्रेताशेजारी बसून म्हणाल्या होत्या. सापाला हवेतले सूर आपल्यासारखे ऐकू येत नाहीत, हे हेमचंद्र पुढे केमिस्ट झाल्यावर कोणाशीही तासभर वाद घालून सिद्ध करीत असे. परंतु त्या संध्याकाळपासून तो घराच्या उंबरठ्याआत कधीही शिट्टी वाजवू शकला नव्हता. तर्काने जे त्याने फेटाळले होते, ते आचरणाने निमूटपणे मान्य केले होते.

घराबाहेर मात्र त्याचे नाव होते. कारखान्याच्या गणेशोत्सवात, सहकाऱ्यांच्या घरच्या लग्नांत तो पेटीच्या साथीने भूप, दुर्गा वाजवी. ओठांतून निघणारा तो सूर इतका सरळ आणि धारदार असे की मागच्या रांगेतली माणसे कोण बासरी वाजवतो म्हणून माना उंच करीत. त्या कार्यक्रमांच्या कॅसेटी त्याने स्वतःच पुसून टाकल्या होत्या. टेपची खरखर नेमकी वरच्या सप्तकाला चिकटते, हे त्याला सोसवत नसे. मोरिवलीच्या कारखान्यात त्याचे काम तपासणीचे होते. माल शुद्ध नसेल तर अख्खी बॅच बाद करण्याचा अधिकार त्याच्या सहीला होता, आणि ती सही करताना त्याचा हात कधी अडखळला नव्हता.

मग खालच्या ओठाच्या आत एक पांढरा चट्टा आला. तो तंबाखू सोडूनही गेला नाही, उलट चिरत गेला. डॉक्टरांनी तपासणीचा कागद मिटून सांगितले, "डावीकडचा ओठ आणि जबड्याचा थोडा भाग काढावा लागेल. काळजी करू नका, बोलता येईल."

"आणि शिट्टी?"

डॉक्टरांना ती थट्टा वाटली. ते हसले. हेमचंद्रही हसला, आणि तेथून घरी न जाता थेट उल्हासनगरच्या बाजारात गोपीच्या दुकानात गेला.

"साब, लोग गेम के लिए लेते हैं, हिसाब के लिए लेते हैं," गोपी जुने डबे उघडता उघडता म्हणाला. "सीटी के लिए पहला कस्टमर आप. टेप पे कर लो ना, साईं!"

"टेपवर खरखर येते."

"दुनिया में इतना खरखर है, आप अकेले क्या क्या साफ करोगे?"

पण गोपी धंद्यात पक्का होता. त्याने जुळवून दिलेल्या यंत्राची डिस्क वापरलेली आणि लहान होती. एक लांब रेकॉर्डिंग पुसल्याशिवाय तीत दुसरे मावत नसे. जाताना त्याने एक युक्तीही शिकवली. आधी कोणी न बोलता, न वाजवता खोलीचा रिकामा आवाज थोडा वेळ वेगळा भरून ठेवायचा. तो नमुना दाखवला की प्रोग्राम तेवढी घरघर संपूर्ण रेकॉर्डिंगमधून वजा करतो. हेमचंद्राला ही गोष्ट फार पटली. प्रयोगशाळेतही तो आधी कोरा नमुनाच तपासत असे.

सरस्वतीबाईंनी अखेर तोड काढली. "सोमवारी मी बनूबाईबरोबर शिवमंदिरात जाते. माझ्या कानावर नाही पडलं, म्हणजे घरात वाजलंच नाही." सोमवारी शेजारच्या बनूबाई पायऱ्यांवरून ओरडल्या, "चला आजी, बस जाईल!" आणि दोघी गेल्या.

हेमचंद्राच्या बायकोने, कुंदाने, खिडक्या लावल्या, छताचा पंखा बंद केला. कॉम्प्युटरच्या डब्यातला पंखा मात्र बंद होत नसे, म्हणून तो डबा वायरी पुरल्या तेवढा दाराआड सरकवला. भरतकामाच्या रिंगमध्ये तिने आपल्या जुन्या नायलॉनच्या साडीचा तुकडा ताणून बसवला होता. फुंकर थेट माइकवर आदळू नये म्हणून तो मध्ये टांगला. हेमचंद्राने हात वर करून तिला गप्प केले आणि रिकाम्या खोलीचा नमुना भरला. मग त्याने ओठ ओले केले.

भूपाचा पहिला षड्ज लागला तेव्हा कुंदा भिंतीला टेकली. इतक्या वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याची शिट्टी मांडवात, गर्दीत ऐकली होती. आपल्या चुलीपासून चार पावलांवर कधीच नाही. आलाप वर चढला, पंचमावर थांबला, तिथून तारसप्तकात गेला आणि न थरथरता परत उतरला. संपले तेव्हा हेमचंद्राच्या हनुवटीवर रक्ताची बारीक रेघ होती.

त्याने हेडफोन लावून ते ऐकले. शेवटाकडे येताच त्याचा चेहरा आवळला. त्याने हेडफोन काढून स्पीकर लावला आणि तेवढाच भाग पुन्हा चालवला. शिट्टीच्या मागून, बाहेरच्या दाराशी झालेले बोलणे स्पष्ट ऐकू येत होते.

"आजी, कडी वाजवू?"

"थांब गं. हेमू वाजवतोय. ऐकू दे."

बस चुकली होती. दोघी परतून पायरीवर बसल्या होत्या.

"बाद," हेमचंद्र म्हणाला.

"अहो, काय बाद? आई ऐकत होत्या! आई!"

"तेच म्हणतोय मी. शिट्टीच्या रेकॉर्डिंगमध्ये शिट्टीच हवी. हा प्रोग्राम डब्याच्या पंख्याची घरघर काढतो, माणसांचं बोलणं नाही काढत."

"मग राहू द्या ना! कोणाला पाठवायचंय ते? ओठ फुटलाय तुमचा."

"फुटला म्हणूनच स्वच्छ हवं. हे एकच राहणार आहे मागे."

त्याने ते पुसले. हात अडखळला नाही.

दुसऱ्या वेळी षड्ज लागला, पण पंचमाशी चिरेतून हवा सुटली. तेही पुसले. तिसऱ्या वेळी नुसतीच हवा आली. दुसऱ्या दिवशी ओठ सुजून वर आला. त्याच्या पुढच्या दिवशी त्याला भरती व्हायचे होते.

तो घरी परतला तेव्हा चेहऱ्याची डावी बाजू आत ओढलेली होती आणि बोलणे फक्त कुंदाला कळत असे. गोधड्या तशाच टांगलेल्या होत्या. एका दुपारी त्याने यंत्र चालू केले. डिस्कवर एकच आवाज शिल्लक होता, रिकाम्या खोलीचा. त्याने तो लावला. डब्याच्या पंख्याची घरघर, दूर कुठे भांडे ठेवल्याचा आवाज, आणि अगदी शेवटी, यंत्र बंद करण्यापूर्वी नकळत आत घेतलेला एक खोल श्वास.

सरस्वतीबाई हळूहळू चालत आत आल्या आणि स्पीकरजवळच्या स्टुलावर बसल्या. त्यांनी श्वास ऐकला. मग काहीच ऐकू आले नाही.

"पुढचं लाव," त्या म्हणाल्या.

हेमचंद्राने कुंदाकडे पाहिले. ती गोधडीची मुळातच सरळ असलेली कडा नीट करीत उभी राहिली.

त्याने पुन्हा तेच लावले. घरघर सुरू झाली. म्हातारीने पदर कानामागे सारला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि ती वाट पाहत बसली.