दसऱ्याची फ्लॉपी

विशे सरांनी अख्ख्या स्टाफसमोर उभं राहून कबूल केलं की, कॉम्प्युटर त्यांच्यामुळे बंद पडला होता आणि गुणाबाईचा त्यात काडीचाही संबंध नव्हता.

पण असं काही झालंच नाही, असं तूर्त धरून चालू. विशे सरही बरेच दिवस तसंच धरून चालले होते.

डोळखांबच्या वरच्या अंगाला एक हायस्कूल आहे. सन दोन हजारात तिथे कॉम्प्युटर आला. जीपमध्ये, पेंढ्यावर बसून, नव्या नवरीसारखा. आठवी ‘ब’ला जी स्वतंत्र खोली सहा वर्षं मागून मिळाली नव्हती, ती त्याला त्याच दुपारी मिळाली. खिडकीला पडदा लागला, दाराबाहेर चपला निघू लागल्या, अंगावर बदकं भरलेलं कापड आलं. जयराम विशे तसे भूगोलाचे, पण ते मुरबाडला चार दिवस ट्रेनिंगला जाऊन आले होते, म्हणून कॉम्प्युटर त्यांच्या ताब्यात. चारातले दोन दिवस लाइट नव्हती, हे त्यांनी शाळेत सांगितलं नव्हतं.

दसऱ्याला शाळेतल्या सगळ्या हत्यारांची पूजा झाली. घंटेचा टोला, सायकलचा पंप, प्रयोगशाळेतला तराजू आणि कॉम्प्युटर. सरांनी त्याला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. शाळेकडे एकच फ्लॉपी होती, म्हणजे माहिती साठवायची ती चौकोनी, चपटी काळी तबकडी. तिलाही कुंकवाचं बोट लावून त्यांनी ती कॉम्प्युटरच्या फटीत सरकवली. सणाच्या दिवशी त्याचं तोंड रिकामं नको, एवढाच विचार. मग नमस्कार केला आणि सोनं वाटायला बाहेर पडले.

सुट्टीनंतर सकाळी गुणाबाईने खोली झाडली. गुणाबाई वाडीवरची, शाळेची झाडलोट आणि पाणी तिच्याकडे. तिने तांदूळ-पाकळ्या गोळा केल्या, टेबल पुसलं. दहा वाजता सरांनी बटण दाबलं. काळ्या पडद्यावर इंग्रजीच्या दोन ओळी उमटल्या आणि पुढे काही हलेना.

मुख्याध्यापक हरड सर धावत आले. “आत कोण आलं होतं?”

“मी आलेली झाडाया,” गुणाबाई म्हणाली.

“फडकं ओलं होतं?”

“पुसायचं तं वलंच लागतं ना सर.”

“बघा, कबूल करतेय!” हरड सर सगळ्यांकडे वळून म्हणाले.

 विशे सरांना खरंच काही माहीत नव्हतं. इथवर ते निर्दोष होते. हा निर्दोषपणा संध्याकाळी पाचपर्यंत टिकला.

पाचला शाळा रिकामी झाल्यावर ते शब्दकोश घेऊन त्या दोन ओळींसमोर बसले. अर्थ असा निघाला की, तबकडी चुकीची आहे, बदला. त्यांनी फटीशेजारचं बटण दाबलं. फ्लॉपी कुंकवासकट बाहेर आली. पुन्हा चालू केल्यावर कॉम्प्युटर घुरघुरला आणि पडद्यावर निळं आकाश आलं. सरांना पाव मिनिट फार आनंद झाला.

मग डोक्यात आलं की, उद्या सगळे विचारणार, काय झालं होतं? शहापूरच्या मीटिंगमध्ये हरड सर तालुक्यासमोर सांगणार, आमच्या ट्रेनिंगवाल्या सरांनी मशीनला नैवेद्य चारला. सर फ्लॉपी हातात धरून बसून राहिले. मग त्यांनी जे केलं, त्याबद्दल ते स्वतःशीसुद्धा कधी बोलले नाहीत. कॉम्प्युटर बंद केला आणि फ्लॉपी परत आत घातली.

त्या दिवसापासून ते बिघाडाची निगा राखू लागले. रोज सकाळी सगळ्यांसमोर बदकांचं कापड काढायचं, बटण दाबायचं, दोन ओळींकडे डॉक्टरसारखं बघायचं आणि म्हणायचं, “बघू.” मुलांच्या मनात त्यांच्याबद्दलचा आदर वाढत गेला.

तिकडे गुणाबाईच्या हाताची कीर्ती पसरली. आधी तिला खोलीत बंदी झाली, मग व्हरांड्यात, मग हंड्याला हात लावायची. गावची बोअर आटली ती तिच्यामुळे, टपालाचा शिक्का फिका उमटला तोही तिच्यामुळे. कोंडू नावाच्या गृहस्थाने तर तिला बाजूला घेऊन विचारलं, “माझ्या भावाच्या टीव्हीला नुसता हात लावून येशील का गो?”

“तुजा भाव माझ्या पोरीला गूळ देतो रे,” ती म्हणाली. “तुज्याच टीव्हीला लावते, चल.”

कोंडू पुन्हा त्या वाटेने गेला नाही.

एका संध्याकाळी ती गेटापाशी विशे सरांच्या सायकलजवळ उभी होती. “सर, तुमाला त्यातलं कळतं. खरंच माझ्या हातानं बिघडलं का वो? भाकर थापताना बी मी हाताकडंच बघत बसते.”

“तपास चालू आहे, गुणाबाई,” सर म्हणाले आणि सायकलवर बसले. उतार असूनही त्यांना पायडल मारावं लागलं.

हरड सरांनी संस्थेला पत्र लिहायला घेतलं: दुसरी बाई नेमावी. मुरबाडच्या चंदर मेकॅनिकलाही बोलावणं गेलं. तो यायच्या आदल्या संध्याकाळी विशे सरांनी फ्लॉपी काढून खिशात टाकली. कॉम्प्युटर आपोआप सुरू होईल, बोभाटा मिटेल, बाईही सुटेल, असा त्यांचा हिशेब.

चंदरने बटण दाबलं. निळं आकाश आलं. “याला काय झालंय? याला तं कायच नाय झालं,” तो म्हणाला.

“बघितलंत!” हरड सरांनी टाळी वाजवली. “अकरा दिवस बाईला लांब ठेवलं, आपोआप सुधारला! पत्र आजच टपालात टाका.”

कॉम्प्युटरची चांगली वागणूकसुद्धा गुणाबाईविरुद्धचा पुरावा होईल, हे विशे सरांच्या ध्यानीमनी नव्हतं. ते उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

 हरड सरांचे डोळे पाणावले. “विशे, मन मोठं आहे तुमचं. पण एका बाईसाठी माणसाने किती खोटं बोलावं?”

सगळा स्टाफ आदराने बघू लागला. विशे सरांनी खिशातून कुंकू लागलेली फ्लॉपी काढली. आत घालून कॉम्प्युटर चालू केला, दोन ओळी. काढून चालू केला, आकाश. असं तीनदा झाल्यावर हरड सर म्हणाले, “बरं, बरं. होतं माणसाकडून.” त्यांनी पत्र फाडलं आणि चहा मागवला. विशे सरांची चूक चहा यायच्या आत माफ झाली.

गुणाबाईला बोलावलं. ती व्हरांड्याच्या पायरीखालीच थांबली. सर खाली उतरले आणि त्यांनी तिलाही सगळं सांगितलं.

“म्हंजे मी गेटापाशी इचारलं, तवा तुमाला ठावं होतं?”

“होतं.”

तिने त्यांच्याकडे बघितलं, मग आपल्या हातांकडे. सर शिव्यांची वाट बघत राहिले.

“बरं,” ती म्हणाली. “हंडा उपडा दिसतोय. पोरं पानी काय पितात?” आणि ती हंडा घेऊन निघून गेली.

फाइलला लेखी खुलासा हवा, असं हरड सर म्हणाले. चहा तसाच ठेवून विशे सरांनी लिहिलं:

“सदर फ्लॉपी मी स्वतः घातली, काढली व समजून उमजून परत घातली. श्रीमती गुणाबाई यांच्या हातांत कोणताही दोष आढळून आलेला नाही. तरी मधले अकरा दिवस, पैकी गेटापाशीची संध्याकाळ सर्वांत आधी, सदर बाईंना न वापरलेल्या स्थितीत परत मिळण्याची तजवीज व्हावी, ही नम्र विनंती.”