नत्थूजीचा डबा

नत्थूजी गेला. समुद्रपूर तालुक्यातला एक नंबरचा आचारी गेला, असं जो तो म्हणत होता. एक नंबरचा! मीही आचारीच, नाव मनोहरराव. मेल्यावर तरी हा नंबर सोडेल असं वाटलं होतं, पण कसला सोडतो.

आम्ही दोघं एकाच बाजारातून वांगी घ्यायचो, एकाच वखारीतली लाकडं जाळायचो. तरी त्याच्या पंगतीत लोक बोटं चाटायचे आणि माझ्या पंगतीत पोट भरायचे. मला हे कधी समजलं नाही आणि कधी सहनही झालं नाही.

त्यात त्याचा तो डबा. लग्न कोणाचंही असो, पहिली पंगत बसायच्या आधी नत्थूजी स्टीलचा एक डबा भरून भट्टीच्या उबेला बाजूला ठेवायचा. चोरून नाही, नवरीच्या बापासमोर. "रुख्माचा आहे," म्हणायचा. बायकोचं नाव असं खुशाल घ्यायचा, लाज ना शरम. शेवटची पंगत उठली की मोटरसायकलच्या हँडलला डबा अडकवून निघाला घरी. भाजी गरम आहे तोवर पोचायची घाई. कोणी म्हणालं, थांब, पान खाऊन जा, तर म्हणायचा, ती उपाशी बसली असंल. लोक त्याला हसायचे, पण कौतुकानं. मी हसायचो ते दात खाऊन.

मी कामावरून घरी कधी एक भजंसुद्धा नेलं नाही. लोकांच्या कढईवर मी घर पोसत नाही, असं चारचौघांत ऐकवायचो. माझ्या बायकोला, गोपिकाला, मी माझ्या पंगतीतही बसू देत नव्हतो. आचाऱ्याची बायको पानावर बसली की लोक म्हणतात, पाहा, घरदार घेऊन आला.

पण खरी आग वेगळ्या जागी होती. आमच्याकडे सोयऱ्याच्या लग्नात सोयऱ्यालाच भट्टीपुढं उभं करत नाहीत, अपमान समजतात. म्हणून माझ्या भाच्याच्या लग्नात सैपाक नत्थूजीचा, साळीच्या, म्हणजे गोपिकाच्या बहिणीच्या लग्नातही नत्थूजीचाच, आणि मी खांद्यावर दुपट्टा टाकून पाहुणा. रोहणा गावी साळीच्या लग्नात गोपिकानं वांगे-आलूची भाजी पुन्हा मागून घेतली आणि भर पंगतीत म्हणाली, "नत्थूजीच्या हाताले चव आहे, बाई!"

तो घास माझ्या घशात अजून तसाच आहे. लोकांचं सोडा, लोकांना काय कळतं. पण माझी बायको? तेव्हापासून मला एकच गोष्ट ऐकायची होती. गोपिकानं एकदा म्हणावं, तुमचा हात त्याच्यापेक्षा बरा.

तर नत्थूजी गेल्यावर त्याचा मुलगा अंकुश माझ्याकडे आला. डोळे सुजलेले, डोकं भादरलेलं. म्हणाला, "काका, बाबाच्या तेरवीचा सैपाक तुमीच करा. दुसऱ्याले सांगाव वाटत नाई."

वाईट वाटलंच. पण खोटं कशाला बोलू, आनंदही झाला. त्याच्याच अंगणात, त्याच्याच माणसांना माझ्या हातचं खाऊ घालायला मिळणार होतं. आता होऊन जाऊ दे, म्हटलं. वांगी एकेक हाताळून घेतली, मसाला स्वतः भाजला, कढीपाशी कोणाला फिरकू दिलं नाही. असा सैपाक मी जन्मात केला नव्हता.

पंगती बसल्या. लोक जेवले, दोनदा-दोनदा मागून जेवले आणि मुकाट उठले. तेरवीच्या जेवणाला कोणी चांगलं म्हणत नाही, हे मी त्या उत्साहात विसरूनच गेलो होतो. हात बांधून उभा राहिलो. नत्थूजी फोटोतून पाहत होता, हार घालून. इथंही त्यानं मला जिंकू दिलं नाही.

रुख्माबाई काही पंगतीत बसेना. सुना-लेकींनी आग्रह केला, तरी नाही. शेवटी भट्टीपाशी आली आणि तोच डबा माझ्यापुढं धरला.

"भाऊ, याच्यात द्या. पानावर मले घास नाई जात. त्याईनं आणलेलं असंच खाल्लं मी."

मी भरून दिला. तिथंच लाकडांच्या ढिगाजवळ बसून ती जेवली. डबा बोटानं पुसून खाल्ला आणि पदरानं डोळे पुसले.

आता गोपिकानंच खाऊन सांगावं, म्हटलं. मसाल्याचा एक रिकामा डबा विसळला, भाजी, कढी, भजे, भात, सगळं कोंबलं आणि ऊन डोक्यावर असताना तरातरा घरी निघालो. गुडघे धरल्यामुळं गोपिका तेरवीला आली नव्हती. ती दारातच उभी होती.

"हे का आणलं?"

"सैपाक. तुह्यासाठी."

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "जल्मात पहिल्यांदा आणलं, अन् ते तेरवीचं? तेरवीचं अन्न उंबऱ्याच्या आत आणत असतेत का?"

एवढा पन्नाशी उलटलेला आचारी, आणि हे ध्यानात राहिलं नाही. गाईपुढं टाकावं म्हणून वळलो.

"थांबा. कुठं चालले?" भिंतीला धरत गोपिका बाहेर आली आणि ओट्यावर बसली. "उंबऱ्याच्या बाहेर खाल्लं तर चालते. आणा इकडं."

तिनं झाकण काढलं. मला राहवलं नाही. "खाऊन सांग. अन् खरं सांगजो. नत्थूजीपेक्षा कमी आहे का?"

तिचा हात डब्यातच थांबला.

"मले का माईत? तुमच्या हातचं मी खाल्लं कवा?"

मी उभ्या जागी खाली बसलो. ती जेवू लागली. भाजी संपली, कढी संपली. चांगलं म्हणाली नाही, तेरवीचं होतं ना. पण डबा तिनं बोटानं फिरवून पुसला, अगदी कडेपर्यंत, आणि बोट चाटलं.

मी पाहत बसलो. नत्थूजी हे दर लग्नाला घरी जाऊन पाहत होता. त्याचा इतका हेवा मला तो जिवंत असताना कधी वाटला नव्हता.