सोनूआत्याचा होकार

भाषाशास्त्रावरचा लेख दोन दिवसांत पाठवायचा होता आणि त्यावर माझी फेलोशिप पुढे चालू राहणार की नाही ते ठरणार होतं. सकाळी मी शेवटचं म्हणून ध्वनिमुद्रण ऐकायला घेतलं आणि अर्ध्यातच थांबवलं.

वाक्यातला प्रत्येक शब्द दुसऱ्या एखाद्या शब्दाच्या आधाराने उभा असतो, असं मानून आम्ही भाषा अभ्यासणारे शब्दाशब्दांत बाण काढतो. लेखात जपानी आणि आगरीची तुलना होती. जपानीत हे बाण जवळजवळ सगळे एकाच बाजूचे. आधार देणारा शब्द नंतर येतो, क्रियापद सर्वांत शेवटी. जपानीचा भाग छापील वाक्यांवर बेतलेला होता, त्याची काळजी नव्हती. दुसरा भाग सोनूआत्याच्या आगरी बोलीचा. तिच्या बोलण्यात बाण दोन्हीकडे मोकळेपणाने जातात, हे मला दाखवायचं होतं. मी एकेक वाक्य वाचायचे, असं बोलतात का विचारायचे. एकशे अठरा वाक्यांपैकी एकशे अकरांना ती ‘व्हय’ म्हणाली, सातांना ‘न्हाय’. त्या सातही ठिकाणी तिच्या ‘न्हाय’च्या आधी माझाच आवाज होता: असं नाही ना म्हणत?

दुपारी मी किहीमला तिच्या पडवीत होते. आत्या, म्हणजे बाबांची चुलत बहीण, सुपारी कातरत बसली होती. तिची सून हेमाली बोंबील साफ करत होती. मी नेहमीच्या आवाजात एक वाक्य वाचलं. ते मी मुद्दाम मोडलं होतं, ‘बायजानं’मधला ‘नं’ तोडून आधी आणला होता: ‘नं मीठ बायजा विकला.’ कुठल्याच बोलीत कोणी असं बोलणार नाही.

आत्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. “व्हय,” ती म्हणाली. “बोलतान तसा.”

हेमाली हसायला लागली. “आईंना काय इचारतेस, कल्पिता? गॅसवाल्याला पन व्हय बोलतान. मंग दोन सिलिंडर येतान.”

मला हसता आलं नाही. मी आत्याला विचारलं, असं खरंच कोणी बोलतं का. तिने अडकित्ता खाली ठेवला.

“तुजा बापूस फोनवर बोलला, पोरीची परीक्षा हाय, जपून उत्तरा दे. मी न्हाय बोलले आनि तू नापास झालीस तं?”

दोन सुट्ट्यांत चार चार तास ती माझा चेहरा वाचत बसली होती. मी मान डोलावली की व्हय, कपाळाला आठी पडली की न्हाय. मी आगरी बोली मोजली नव्हती, स्वतःलाच मोजलं होतं.

माझ्या मार्गदर्शक बाईंना मी तिथूनच मेसेज करून कळवलं की दुसऱ्या भागाची आकडेवारी धरू नका. मग आत्याला समजावलं की परीक्षा तिची नाही, माझीही नाही, ती वाक्यांची आहे. चुकीचं वाक्य पास झालं तरच मी नापास. तिला ते पटलं की नाही, कळेना. ती पुन्हा माझ्या तोंडाकडेच पाहत होती.

मी खुर्ची उचलून फिरवली आणि तिच्याकडे पाठ करून बसले. समोर नारळाचे बुंधे, वाळत घातलेलं जाळं. वही मांडीवर घेतली, रेकॉर्डर चालू केला. पहिलं वाक्य लेखाच्या पहिल्याच पानावर होतं. पुढचे तीन तक्ते त्याच्या भरवशावर होते. मी ते सपाट आवाजात वाचलं.

वळून पाहू नये म्हणून मी खुर्चीची कड घट्ट धरली.

“कल्पे,” आत्या हळूच म्हणाली, “रागावू नको हां.”

मी मान हलवली नाही.

“न्हाय,” ती म्हणाली. “असा आमी कंदीच न्हाय बोलत.”

मी वाक्यासमोर फुली मारली आणि दुसरं वाचायला घेतलं. एकशे सतरा उरली होती.