एकाच वळणावर गेलेले सहा बाप

कोऱ्या कागदाला माणूस किती घाबरतो, हे मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही. निघालंच, तर ते मानपाड्याच्या रचना ओव्हाळवर तपासून घ्यावं. मुलगी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. लेखनकौशल्याच्या तासाला विषय मिळाला होता, ‘माझ्या आयुष्यातला सर्वांत कठीण दिवस’. तीन पानं, स्वतःच्या अक्षरात. ती तीन दिवस जेवणाच्या टेबलापाशी बसली. त्या तीन दिवसांत पाणी प्यायली एकवीस वेळा, समास आखला चार वेळा, मोबाइल पाहिला तो मोजण्यापलीकडे. लिहिलं एकच वाक्य, ‘मानवी जीवन हे सुखदुःखांनी भरलेले आहे,’ आणि तेही खोडलं.

“कृतिका, माझं डोकंच चालत नाही गं,” ती फोनवर मैत्रिणीला म्हणाली. “माझ्या आयुष्यात काही झालेलंच नाही.”

“मग गुरुदत्तकडे जा ना! सगळे तिथूनच उचलतात. प्राची मॅडम वाचतात थोडीच? पानं मोजतात फक्त.”

गुरुदत्त म्हणजे कॉलेजच्या फाटकासमोरचा झेरॉक्सवाला. जुन्या मुलांचे निबंध त्याच्याकडे विषयवार फायलींत लावलेले. नक्कल होऊ नये म्हणून कॉलेजनं नियम केला, स्वतःच्या हातानं लिहा. मुलांनी नियम तंतोतंत पाळला. तेव्हापासून नक्कल स्वतःच्या हातानं होते.

रचनानं झेरॉक्स आणली. वरच्या कोपऱ्यात, नावाच्या जागी, पांढऱ्या शाईचा पट्टा मारलेला होता. पहिलं पान उतरलं, दुसरं उतरलं. तिसऱ्या पानावर वाक्य आलं: ‘त्या सकाळी बाबा डबा घेऊन निघाले आणि शीळफाट्याच्या वळणावर एका डंपरने त्यांना आमच्यापासून कायमचे नेले.’

तिचा हात थांबला. तिचे बाबा, महेंद्र, रोज मोटारसायकलनं त्याच वळणावरून वागळे इस्टेटला जायचे. धातूचे पत्रे दाबून सुटे भाग घडवणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये ते मशीनदुरुस्तीचे, म्हणजे मेंटेनन्स फिटर होते. तिला वाटलं, बाबांऐवजी काका करावं. पण त्या पानावर ‘बाबा’ अकरा वेळा होतं. काका केले असते तर पुढची वाक्यं स्वतः जुळवावी लागली असती, आणि भीती तर तिला त्याचीच होती. तिनं अकराही वेळा ‘बाबा’ लिहिलं आणि सोमवारी पानं देऊन टाकली.

मंगळवारी संध्याकाळी बाबा आले नाहीत.

त्यांची यायची वेळ सातची. सव्वासात झाले. साडेसातला तिनं फोन लावला, तर स्विच ऑफ.

“ट्रॅफिक असेल,” आई म्हणाली, आणि तिसऱ्यांदा गॅलरीत जाऊन आली.

रचनाला वाटलं, आपण लिहिलं आणि तसंच झालं तर? लिहिल्यानं कुणी मरत नाही, हे तिला कळत होतं. घाबरलेल्या माणसाला कळत सगळं असतं, उपयोग काही नसतो. ‘बाबा डबा घेऊन निघाले.’ सकाळी तो डबा तिनंच भरला होता! ती पानं फाडून टाकावीत असं तिला वाटलं, पण ती मॅडमच्या कपाटात. आईला सांगावं, तर काय सांगणार? मी काल बाबांना मारलं, तीन पानांत?

ती दाराशी उभी राहून सोसायटीत शिरणाऱ्या मोटारसायकलींचे आवाज मोजत राहिली. चौदा आल्या. एकही त्यांची नव्हती. पावणेनऊला पंधरावी आली, आणि तिचा हॉर्न घसा बसल्यासारखा वाजला. तो बाबांचा होता.

महेंद्र ऑइलनं माखलेला शर्ट घालून आत आले. “मशीन बंद पडलेलं. त्यात मोबाइलही बंद पडला,” असं आईला सांगून त्यांनी रिकामा डबा टेबलावर ठेवला. आई डाळ गरम करायला आत गेली, तसे ते रचनासमोर बसले.

“दुपारी तुझ्या प्राची मॅडमचा फोन आलेला. फॉर्मवरच्या नंबरावर. म्हणाल्या, पानं मोजताना तिसऱ्या पानावर नजर गेली, रचनाचे बाबा गेल्याचं वाचलं, मी भेटायला येऊ का? मग विचारलं, आपण कोण? मी म्हटलं, मी मयत बोलतोय.”

रचना हसली नाही. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

“रडू नको गं, एकटा नाही गेलेलो मी. मॅडमनी मग सगळा गठ्ठा तपासला आणि परत फोन केला. तुमच्या वर्गातले सहा बाप गेलेत. एकच वळण, एकच डंपर.” त्यांचा आवाज उतरला. “उद्या अकरा वाजता सहाही जणांनी त्यांच्यासमोर बसून लिहायचं. एक तास. नाही जमलं तर इंटर्नलला शून्य, विषय नापास. दाखव तो कागद.”

तिनं झेरॉक्स दिली. बाबांनी ती सावकाश वाचली. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

“ही ओळ वाचलीस? ‘दुसऱ्या दिवशी पोलिसांनी डबा परत दिला. आईने तो आठ दिवस उघडलाच नाही.’ रचना, हे कुणी मनानं रचून लिहीत नाही. ही मुलगी खरी होती. तिचा बाप खरोखर गेला.”

रचनानं त्या पांढऱ्या पट्ट्याकडे पाहिलं. दोन दिवस तो तिच्यासमोरच होता. त्याच्याखाली एक माणूस आहे, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं! सहा जणांनी जे फुकटचं म्हणून उचललं, ते त्या पोरीनं कसं लिहिलं असेल?

“बाबा, चुकलं माझं,” ती म्हणाली. “पण उद्या मी काय लिहू? कागद समोर आला की माझं डोकं बंद पडतं!”

“बंद पडतं ना? मग ते आमच्या खात्याचं काम.”

महेंद्रनी भिंतीवरच्या कॅलेंडराचं गेल्या महिन्याचं पान फाडलं आणि उलटं करून तिच्यापुढे ठेवलं.

“मशीन थांबलं की आम्ही फळ्यावर सगळे संशय लिहितो. जो जे बोलेल ते. हसायचं नाही, खोडायचं नाही. मागं एकजण म्हणाला, आत उंदीर असेल. आम्ही खो खो हसलो, पण साहेबांनी उंदीरही लिहिला. शेवटी उंदरानंच वायर कुरतडलेली. तू आधीच ठरवतेस की आपल्याला सुचलं ते फालतू आहे, म्हणून फळा कोरा राहतो. आज संध्याकाळी तू घाबरलेलीस ना? दहा मिनिटं लिही. वाक्यंसुद्धा नकोत, नुसते शब्द.”

तिनं भीतभीत सुरुवात केली. स्विच ऑफ. गॅलरी. चौदा गाड्या. निवलेली डाळ. मॅडमचं कपाट. दहा मिनिटांत पान अर्धं भरलं.

“आता यातलं जे वाचताना पोटात ढवळतं, त्याला गोल कर. बाकीचं सोडून दे. आणि मग साधी वाक्यं. कोणी, काय केलं. आमच्या शिफ्टच्या वहीत ‘काम झाले’ लिहिलं तर साहेब वही परत फेकतात. कोणी केलं, कुठल्या मशीनवर? एकदा कुणीतरी नुसतं ‘लाइन बंद केली’ लिहून गेला. तीन नंबरची की चारची, काही नाही. पुढच्या शिफ्टच्या माणसानं बंद समजून चारमध्ये हात घातला.”

“मग?”

महेंद्रनी डावा हात टेबलावर ठेवला. करंगळीशेजारच्या बोटाचं पेर नव्हतं. ते बोट ती जन्मापासून पाहत आली होती. आणि ही मुलगी सांगत होती की आपल्या आयुष्यात काही झालेलंच नाही! तिनं पेन उचललं आणि यादीत लिहिलं, बाबांचं बोट.

दुसऱ्या दिवशी वर्गात सहा जण लांब लांब बसले. कृतिकाही त्यांत होती, रडवेली. रचनापुढचा कागद कालच्याइतकाच कोरा होता, भीतीही तेवढीच होती. तिनं कोपऱ्यात आधी शब्द मांडले, दोनांना गोल केलं आणि पहिलं वाक्य लिहिलं: ‘काल माझे बाबा पावणेदोन तास उशिरा आले.’ त्याच्या मागून दुसरं आलं. तासाअखेर दीड पान झालं, तीन नाही.

प्राची मॅडमनी ते उभ्यानंच वाचायला घेतलं आणि अर्ध्यावर खुर्चीत बसल्या.

“हे तरी खरं आहे ना?”

“हो मॅडम. फोन लावा, आज मयतच उचलतील.”

मॅडम हसल्या. मग गंभीर झाल्या. “चूक माझीही आहे. मी पानं मोजत आले. पुढच्या तासाला तू यांना कोपऱ्यातली ती यादी कशी करायची ते शिकव.”

घरी जाताना रचना गुरुदत्तच्या दुकानात शिरली.

“दादा, तो शीळफाट्याचा निबंध फाइलमधून काढा.”

“का? पकडली गेलीस?” तो हसला. “अगं, सगळ्यात चालणारा निबंध आहे तो.”

“कुणाचा आहे?”

“समृद्धी की काय नाव होतं. निबंध छान म्हणून मीच मागून घेतलेला. देताना तिनं नावावर पट्टा मारला.”

“दादा, तिचे बाबा खरंच गेलेले.”

गुरुदत्तचं हसू मावळलं.  मग त्यानं फाइल उघडली, तीनही मूळ पानं काढली आणि झेरॉक्सवर न ठेवता रचनाच्या हातात दिली.

मंडळी, आपल्या मुलांना लिहिता येत नाही असं आपण म्हणतो. खरं तर आपण त्यांना स्वतःचं लिहायची भीती घातली आहे. घरात उत्तर तयार मिळतं, शाळेत गाइड आणि कॉलेजात फाइल. मूल पहिलं वाकडंतिकडं वाक्य लिहितं तेव्हा आपण हसतो, आणि तिथंच त्याचा फळा कोरा पडतो. त्याला यादी करू द्या, उंदीरही लिहू द्या. दुसऱ्याच्या देखण्या तीन पानांपेक्षा स्वतःचं खरं दीड पान मोठं असतं. दुसऱ्याचं दुःख उतरवून काढणं ही नुसती नक्कल नव्हे, ती चोरी आहे. आणि त्या चोरीत आपलं आयुष्य न लिहिताच राहून जातं.

रचनानं ती पानं जपून ठेवली आहेत. समृद्धी कधी भेटलीच, तर तिला ती परत द्यायची आहेत.