उद्याची बाही

"बाही कुणी लावली?"

ताईंचा आवाज इतका चढला, की इस्त्रीवाल्याच्या हातातली इस्त्री वरच्या वर राहिली. ताईंचा चढलेला आवाज या शिंप्याच्या दुकानात कुणी कधी ऐकला नव्हता. गिऱ्हाईक अंगावर धावून आलं तरी त्या हसून वेळ मारून नेत. आणि आज एक पुरा झालेला कोट हातात धरून त्या उभ्या होत्या.

"मी लावली," मास्तर म्हणाले. दुकान त्यांचं, कटिंगही त्यांचंच. "काल डोकं दुखतंय म्हणालात, म्हणून मागे थांबून लावून टाकली. का? चुकली कुठे?"

"चुकली नाही हो. पण का लावलीत?"

आयतं काम करून दिल्याबद्दल बोलणी खायची मास्तरांची ही पहिलीच वेळ. ताई मशीनवर बसल्या. पाय पायट्यावर ठेवला, पण तो हलेचना. थोड्या वेळाने पिशवी उचलून त्या न सांगता निघून गेल्या.

ताईंची खोड तशी सगळ्यांना ठाऊक होती. संध्याकाळी उठताना एक काम त्या हटकून अर्ध्यावर सोडत. बहुतेक बाहीच. अर्धी खांद्याला मुंढ्यात बसलेली, अर्धी लोंबती, सुई कापडात रुतलेली. आणखी चार टाके घातले तर काम हातावेगळं व्हायचं, पण नाव नको.

"घरी दूध उतू जातंय का, ताई?" मास्तर चिडवायचे.

"दूध कसलं, नवरा!" ताई म्हणायच्या. नवरा त्यांना नव्हताच, त्यामुळे सगळे खो खो हसायचे.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. एका बाहीवरून एवढा रुसवा? मास्तरांनाही राग आला होता. चांगलं सुनावायचं ठरवूनच ते ताईंच्या घरी गेले. धाकट्या बहिणीनं दार उघडलं.

"ताप आहे का?"

"ताप नाही. या आत."

खोलीत पडदे ओढलेले. ताई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. केसांना कंगवा लागलेला नव्हता, उशाशी चहावर साय धरली होती. दिवसभर दुकान हसवणारी बाई ती हीच, हे मास्तरांच्या डोक्यात शिरेना. सुनावायचं होतं ते विसरूनच गेले.

"तुम्हाला माहीत नव्हतं?" धाकटी त्यांना स्वयंपाकघरात नेऊन हळू आवाजात म्हणाली. "फार जुनं दुखणं आहे हे. डॉक्टर आहेत, गोळ्या चालू आहेत. पण सकाळ झाली की तिला उठावंसंच वाटत नाही. कशासाठी उठू, म्हणते. मग तिनंच हा मार्ग काढला. 'सुई कापडात अडकलीय गं, जायला हवं,' असं म्हणत पाय खाली टाकते. परवाही तशीच उठून गेली होती."

इतकी वर्षं शेजारी मशीन, आणि आपल्याला पत्ता नाही! मेहेरबानी करायला गेलो आणि या बाईचा दुसरा दिवसच बंद करून बसलो. मास्तरांना स्वतःचीच चीड आली. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही.

मग ते ताईंच्या खोलीत जाऊन खुर्चीवर बसले, अंगातला कोट काढला, खिशातली छोटी कात्री काढली आणि बाहीचे टाके कापायला लागले.

"काय फाडताय?" भिंतीकडून आवाज आला.

"फाडत नाही. उसवतोय. माझाच कोट."

"कुठून?"

"काखेतून."

मास्तरांनी आणखी दोन टाके कापले.

"काखेतून कुणी सुरुवात करतं का, मास्तर? ताणलं जाईल ना कापड."

"मला नाही जमत आता. अर्धी उसवून तुमच्या मशीनवर ठेवतो. सुई रुतवून ठेवतो. तुम्ही बघा."

मास्तर नुसत्या सदऱ्यावर थंडीतून चालत दुकानात परत आले.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या नाहीत. मास्तरांनी त्यांच्या मशीनला कुणाला हात लावू दिला नाही. त्याच्या पुढच्या दिवशी ऐन दुपारी त्या आल्या. वेणी कशीबशी घातलेली, तोंड सुकलेलं. त्यांनी कोट उलटा करून पाहिला, "काय हो हे मास्तर," एवढंच म्हणाल्या, आणि मशीन सुरू झालं.

पुढे गिऱ्हाइकाची घाई असली की सगळं काम त्याच दिवशी पुरं करून द्यावंच लागे. अशा संध्याकाळी मास्तर मुकाट्याने खुंटीवरचा आपला कोट काढत, बाही अर्धी उसवत आणि ताईंच्या मशीनवर ठेवून देत. सकाळी ताई ती शिवत. मुंढ्याभोवती सुईची इतकी भोकं पडली, की तो कोट घालण्याजोगा राहिला नाही.

थंडी वाढली, तसा इस्त्रीवाला म्हणाला, "मास्तर, एवढं दुकान आपलं, स्वतःला एक नवा कोट शिवा की."

"शिवू," मास्तर म्हणाले आणि हात चोळत कटिंगच्या टेबलाकडे वळले.