अक्कांनी आणलेली बाटली

अक्कांनी टेबलावर बाटली ठेवली आणि तिचं नाव समोर येईल अशी ती फिरवली.

"अँटिऑक्सिडंट आहे," त्या म्हणाल्या. "रोज एक, जेवणानंतर. द्राक्षाच्या बियांचा अर्क, हिरव्या चहाचा अर्क, आणखी काय काय आहे त्यात. आपल्या शरीराला आतून गंज चढतो, तो चढू देत नाही."

"मग मला दे," त्यांचा धाकटा भाऊ म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. "माझ्या तारांना चोळून बघतो."

"तू गप्प बस. मी तुझ्या बायकोशी बोलतेय."

बायको म्हणाली, "बरं." हल्ली ती सगळ्यालाच बरं म्हणायची. सूप करू का, बरं. खिडकी लावू का, बरं. तिच्या छातीतली गाठ काढून झाली होती आणि आता दर काही आठवड्यांनी दवाखान्यात खुर्चीत बसून नळीतून औषध घ्यायचं चाललं होतं. केस गेले तेव्हा नवरा न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून रडला होता. ती बाहेर बसून पाण्याचा आवाज ऐकत होती आणि टाकीतलं पाणी संपेल एवढंच तिच्या मनात येत होतं. भीती वाटते का, असं लोक विचारायचे. ती प्रामाणिकपणे आत शोधून बघायची. तिथे कुणी नसायचं.

बाटली तिने खिडकीतल्या फळीवर ठेवली. उपचार सुरू होण्याआधीच डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की घरचं साधं खा, पण असल्या गोळ्या मला विचारल्याशिवाय घेऊ नका. नळीतल्या औषधाचं काम त्या गोळ्यांनी अडू शकतं. तेव्हा अक्काही शेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर पर्स घट्ट धरून.

दुसऱ्या दिवशी अक्कांचा फोन आला. "घेतलीस?"

"नाही अजून."

तिसऱ्या दिवशीही तेच. मग त्या स्वतःच येऊ लागल्या. भांडी विसळायच्या, पडदे झटकायच्या आणि जाता जाता खिडकीशी थांबून सील फुटलंय का ते बघायच्या. त्यांचे यजमान, म्हणजे भाऊजी, गेल्यापासून त्यांना हात रिकामे ठेवणं जमत नव्हतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. भाऊजींनाही हाच आजार होता, फक्त जागा वेगळी. वर्ष उलटून गेलं होतं, पण अक्का त्यांच्याबद्दल चकार शब्द काढत नसत.

"एकदाची घेऊन टाक," नवरा म्हणाला. "बहीण माझी आहे, मला माहीत आहे. एकदा धरलं की सोडत नाही. लहानपणी तिने मला एरंडेल पाजलंय, नाक दाबून."

"डॉक्टर नको म्हणाल्यात."

"मग नको घेऊ."

"बरं."

खरं तर तिला दोन्ही सारखंच होतं. घेतली काय, नाही घेतली काय.

बरं वाटेल त्या दिवशी ती कामावर जायची. एका मोठ्या ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत ती फाटलेली पुस्तकं दुरुस्त करायची. जुने दोरे उसवून जुज, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, सुटे करायचे, कण्याला खळ लावायची, दाभणाने भोकं पाडून पुन्हा शिवायचं. त्या दिवशी एक जाडजूड शब्दकोश शिवता शिवता तिला पानावर लाल ठिपका दिसला. तो कुठून आला हे बघायला तिने पान उलटलं, तर मागच्या पानावरही होता. सुई बोटात कधीची शिरली होती. औषधाने बोटांची टोकं बधिर होतात, हे तिला सांगितलेलं होतं. तिने सुई काढली, बोटाला चिकटपट्टी लावली आणि टीपकागदाने ठिपके टिपले. मग ती बराच वेळ नुसतीच बसून राहिली. या हातांवरच आपलं पोट आणि नाव दोन्ही आहे, हे तिला कळत होतं, पण शेजारच्या घरातलं भांडण ऐकू यावं तसं.

घरी आली तर अक्का स्वयंपाकघरात होत्या. बोटाची पट्टी बघून त्यांनी विचारलं, काय झालं ते तिने सांगितलं.

"बघ," अक्का म्हणाल्या. "नसांनाही जोर येतो त्याने. आता तरी ऐक माझं."

त्यांनी स्वतःच सील फोडलं. एक कॅप्सूल तिच्या तळहातावर ठेवली आणि पाण्याचा पेला पुढे केला. ती उभी होती, दमली होती. नाही म्हणायला जेवढं बळ लागतं तेवढंही गिळायला लागत नाही, असं तिला वाटलं. तिने हात तोंडाकडे नेला.

अक्का तिच्या तोंडाकडे नाही, त्या कॅप्सूलकडे बघत होत्या.

ती थांबली. "अक्का, त्या गोळीकडे असं काय बघताय?"

"काही नाही. घे ना गं. माझ्यासाठी घे."

"तुमच्यासाठी म्हणजे?"

अक्कांनी पेला ओट्यावर ठेवला. मग स्टूल ओढून बसल्या.

"यांना देत होते मी," त्या म्हणाल्या. "आजार कळल्यापासून. त्यांना गोळ्यांचा वीट आला होता, म्हणून फोडून दुधात घालायचे. त्यांना सांगितलं नाही. डॉक्टरांना तर नाहीच. मला वाटलं, द्राक्षाच्या बिया आहेत, त्यांनी काय होणार." त्या थांबल्या. "मग तुझ्याबरोबर आले होते ना त्या दिवशी. त्या बाई म्हणाल्या ते ऐकलं. औषधाचं काम अडतं म्हणून."

"तरी तुम्ही माझ्यासाठी आणल्यात."

"हो."

"का?"

"तू घेतलीस आणि तरी बरी झालीस, तर..." पुढचं त्यांच्याच्याने बोलवेना.

पण पुढे सांगायची गरज नव्हती. ती बरी झाली असती तर अक्का सुटल्या असत्या. आणि नसती झाली तर? एवढा विचार अक्कांनी केला नव्हता, किंवा केला होता. तिला राग यायला हवा होता. ती वाट बघत उभी राहिली. राग आला नाही. तिने कॅप्सूल परत आत टाकली आणि झाकण लावलं.

"मी विचारते डॉक्टरांना," ती म्हणाली.

पुढच्या खेपेला, सुई टोचून झाल्यावर, तिने विचारलं. डॉक्टरीणबाई तिच्याहून वयाने लहान होत्या आणि कुठलंही उत्तर देण्याआधी चष्मा काढायच्या.

"आमची औषधं काही अंशी पेशींना जाळूनच मारतात," त्या म्हणाल्या. "या गोळ्या त्या आगीवर पाणी ओततात की काय, अशी शंका आहे. पक्कं कुणालाच माहीत नाही. म्हणून उपचार चालू असताना नको म्हणतो. तुम्ही घेतल्यात का?"

"नाही. पण कुणी घेतल्या असतील, न सांगता, आणि तो माणूस गेला असेल तर?"

"आजार कधी सापडला होता?"

"सापडला तेव्हाच यकृतापर्यंत गेला होता."

"मग बहुतेक आजाराचंच पारडं जड होतं. पण गोळ्यांनी काहीच केलं नाही, हे मी छातीठोकपणे नाही सांगू शकत. कुणीच नाही सांगू शकणार."

घरी परतताना बसमध्ये तिने विचार केला. डॉक्टर म्हणाल्या काही होत नाही, असं सांगितलं की संपलं. अक्का आज रात्री झोपतील. पण खोटं बोलायलाही अंगात थोडी ऊब लागते, समोरच्याच्या डोळ्यात बघून ते निभवावं लागतं. तिच्याकडे ती नव्हती. तिने शब्दाला शब्द सांगितलं.

"बहुतेक म्हणाल्या?" अक्कांनी विचारलं.

"हो. बहुतेक."

"आणि नाही सांगू शकत, असंही म्हणाल्या."

"हो."

अक्का म्हणाल्या, "तू त्या दिवशी मला घराबाहेर काढायला हवं होतंस."

"उठून दार उघडायचा कंटाळा आला."

अक्कांना हसू आलं. ते त्यांनाच अनपेक्षित होतं, अर्ध्यावरच त्यांचं तोंड वाकडं झालं आणि त्या रडू लागल्या, पदर न लावता, मोठ्याने. ती शेजारी बसून राहिली. पाठीवर हात ठेवावा असं वाटलं नाही, तरी ठेवला. थोड्या वेळाने अक्कांनी नाक पुसलं, बाटली उचलली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

नवऱ्याला तिने काही सांगितलं नाही. त्याने फळी रिकामी बघितली, म्हणाला, "चला, अक्का हरली म्हणजे. नोंद करून ठेवायला हवी." ती म्हणाली, बरं.

उपचार संपले. तपासण्या झाल्या आणि सगळं साफ आहे असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. नवऱ्याने दवाखान्याच्या पायऱ्यांवरच पुन्हा डोळे पुसले. अक्कांना फोन करायचं त्याने तिच्यावर सोपवलं. फोन हातात घेऊन ती थोडी थांबली. गोळी न घेता ती बरी झाली होती. ही बातमी अक्कांच्या घरात कशी जाऊन पडेल, ते तिला दिसत होतं.

"सगळं साफ आहे, अक्का."

अक्का म्हणाल्या, "बरं झालं गं. फार बरं झालं." आणि जरा वेळाने, "उद्या आले तर चालेल?"

"या की."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या काहीही न आणता. पडद्यांना हात लावला नाही, ओट्याकडे गेल्या नाहीत. चहा पिताना आपणहून म्हणाल्या, "यांना दूध कडवट लागायचं. म्हणायचे, तुझी दूधवाली बदल. तरी पेला रिकामा करायचे."

"का पण?"

"मी समोर उभी असायचे ना."

अक्कांनी कप खाली ठेवला आणि भाऊजी पहिल्यांदा त्यांना भेटले तेव्हा किती भित्रे होते, ते सांगायला घेतलं. त्या सांगत गेल्या, ती ऐकत राहिली. नवरा कामावरून आला तेव्हा घरात दिवा लावलेला नव्हता आणि अक्का अजून त्यांच्याबद्दलच बोलत होत्या.